दोघांचा आधार

बंगळुरू हे नोकरीच्या निमित्ताने देशभरातील कुटुंबांना सामावून घेणारे शहर आहे. मुलांपाठोपाठ वृद्ध आईवडीलही तेथे येतात. त्यांत मराठी आईवडीलही असतात. आजारपणामुळे घरी शुश्रूषा करणे अशक्य झाले, की काहींना शुश्रूषाकेंद्राचा आश्रय घ्यावा लागतो. १९९८ साली स्थापन झालेल्या ‘नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट’ने २०१० मध्ये कस्तुरीनगर भागात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी असे केंद्र सुरू केले. केंद्र कोणतेही असो, तेथे आपण आपली माणसे सेवक-सेविकांच्या हाती सोपवतो. ती सुरक्षित कशी राहतील?

माझ्या मते, प्रत्येक रुग्णाची शुश्रूषा कशी करावी याची लेखी योजना असणे आणि ती काटेकोरपणे पाळली जाणे, हे या प्रश्नाचे पहिले उत्तर होय. समजा, पक्षाघाताने डावी बाजू दुर्बल झालेल्या एका आजींना पलंगावरून चाकांच्या खुर्चीत बसवायचे आहे. योजनेत लिहिले आहे : दोघींनी मिळून उठवावे, खुर्ची उजव्या, म्हणजे सशक्त बाजूला ठेवावी, चाकांना ब्रेक लावावा, दंड धरून ओढू नये. सकाळची घाई आहे आणि सोबतीण दुसऱ्या खोलीत आहे. ‘आजी हलक्याच आहेत, मी एकटी उठवते,’ असे सेविका म्हणते. नेमका त्याच वेळी आजींचा पाय लटपटतो. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात. एवढ्याशा पडण्यानेही खुब्याचे हाड मोडते आणि माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. सावरू पाहणाऱ्या सेविकेच्या पाठीलाही इजा होते.

अनुभवी सेविका विचारेल, ‘इतकी वर्षे हेच काम करते, मला कागद कशाला हवा?’ तिच्या अनुभवाचे मोल आहेच. परंतु पाळी संपल्यावर तो अनुभव तिच्याबरोबर घरी जातो. कागद मात्र रुग्णापाशी राहतो आणि पुढच्या पाळीतील नवख्या सेविकेलाही वाट दाखवतो. आपल्या गैरहजेरीतही रुग्णाची तीच काळजी घेतली जावी, याची तजवीज करण्यावर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ‘नोट्स ऑन नर्सिंग’ (१८५९) या पुस्तकात भर दिला होता.

तथापि, सारा दोष सेविकेच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. योजनेत दोघींची गरज नोंदवायची आणि कामावर एकीलाच ठेवायचे, ही व्यवस्थापनाची चूक होय. शिवाय योजना सेविकेला वाचता येईल अशा भाषेत, सोप्या शब्दांत व शक्य तर चित्रांसह असावी. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी विसरली जाते. म्हणून मराठी आजींच्या योजनेत ‘उठा’, ‘बसा’, ‘दुखतंय का?’ एवढे शब्द तरी सेविकेच्या लिपीत लिहून ठेवावेत.

नातेवाइकांचेही काही कर्तव्य आहे. भेटीला गेल्यावर आपण योजना वाचावी आणि प्रकृती बदलली असल्यास तीत बदल करण्याची विनंती करावी. सोबतिणीसाठी दोन मिनिटे थांबलेली सेविका दिसली, तर तिला आळशी म्हणू नये. ती आपल्या आईलाच जपत असते.