सल्ल्याला दोन फटके

वर्तमानपत्रात कुठल्याही विशीतल्या खेळाडूचं कौतुक छापून आलं की तिसऱ्या-चौथ्या ओळीत ते वाक्य येतंच येतं: ‘वयाच्या पाचव्या वर्षापासून...’ पाचव्या वर्षी रॅकेट धरली, पाचव्या वर्षी पाण्यात सूर मारला, पाचव्या वर्षी बुद्धिबळात काकांना हरवलं. या पाचव्या वर्षाचा मला मनस्वी वैताग आहे. मी पाचव्या वर्षी काय करत होतो, असं आईला विचारलं तर ती म्हणाली, "नाक पुसून घेत नव्हतास."

वैताग याच आठवड्यात उफाळून यायचं कारण म्हणजे आमच्या भाचीच्या मुलाचा वाढदिवस. कितवा, ते ओळखलं असेलच. केक कापून झाला, बटाटेवडे फिरले आणि मग जावईबापूंनी पलंगाखालून एक लांबोडकी रंगीत प्लॅस्टिकची बॅग ओढून काढली. आत गोल्फच्या काठ्या. टाळ्या वाजल्या. "मामा, जूनपासून रीतसर कोचिंग लावतोय," जावईबापू मला म्हणाले. "अदिती अशोकनंसुद्धा पाचव्याच वर्षी सुरुवात केली होती." मी भेट म्हणून अंकलिपी नेली होती, ती त्या बॅगेखाली कुठंतरी गेली. उत्सवमूर्तींनी मात्र काठी हातात येताच पालथं पडून सोफ्याखाली गेलेली मोटार तिनं ओढून काढली. त्या काठीचा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

आता अदितीची माहिती एका दमात सांगून टाकतो. जन्म १९९८, बंगळुरू. आईवडिलांपैकी गोल्फ कुणीच खेळत नव्हतं. कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानालगतच्या हॉटेलात हे कुटुंब नाश्त्याला जायचं. तिथून माणसं चेंडू मारताना दिसायची, पोरीला कुतूहल वाटलं आणि तिघंही उठून पटिंगच्या हिरवळीवर गेली. २०१५च्या डिसेंबरात तिनं मोरोक्कोत युरोपच्या महिला टूरची पात्रता स्पर्धा जिंकली. २०१६च्या ऑगस्टमध्ये, अठराव्या वर्षी, रिओ ऑलिंपिक. त्याच नोव्हेंबरात गुरुग्रामची इंडियन ओपन जिंकून युरोपच्या त्या टूरवर विजेती ठरलेली पहिली भारतीय झाली, आणि पंधरवड्याच्या आत कतारमध्ये दुसरी स्पर्धा मारली. २०१७ पासून अमेरिकेची महिला टूर, एलपीजीए. चढता आलेख म्हणतात तो हाच.

यातला नाश्ता कुणी नीट वाचत नाही. पाचवं वर्ष वाचतात आणि काठ्या आणायला धावतात. बंगळुरूत इडली खाताना खिडकीतून गोल्फ दिसतो. आमच्या पुण्यात नाश्त्याच्या हॉटेलात मान वर केली तर आपल्या टेबलावर डोळा ठेवून उभी असलेली दुसरी माणसं दिसतात. पुणेकराला गोल्फ माहीत आहे तो येरवड्याचा चौक म्हणून. गोल्फ क्लब चौकात सिग्नलला अडकून आयुष्याचा बराच भाग घालवलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. भिंतीपलीकडे काय चालतं, हे त्यांतल्या कुणी पाहिलेलं नाही. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या गोल्फला पुण्याचा उदयन माने खेळला, हेही आमच्या सोसायटीला स्पर्धा संपल्यावर कळलं. एरवी शेजारच्या गल्लीत कुणाचा मुलगा सीए झाला तरी पेढे यायच्या आत बातमी येते.

पण टोकियोचा विषय निघालाच आहे, तर ती शनिवारची पहाट सांगायलाच हवी. ७ ऑगस्ट २०२१. माझं आणि पहाटेचं नातं नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. त्या दिवशी मी उठलो नाही, मला उठवलं गेलं. समोरच्या ब्लॉकमधले काका, बँकेतून निवृत्त झालेले (मागे पार्किंगच्या लेखात येऊन गेलेत तेच), दाराची बेल दाबून उभे. तोंडाला मास्क, हातात स्वतःचा चहाचा कप. त्यांच्याकडची केबल गेली होती. "लाव, लाव. आपली मुलगी दुसऱ्या नंबरवर आहे."

टीव्ही लावला. पडद्यावर हिरवंगार मैदान आणि चालणारी माणसं. बराच वेळ नुसतीच चालणारी माणसं. हळूहळू मजल्यावरची आणखी दोन घरं आमच्या हॉलमध्ये गोळा झाली, करोनाच्या अंतराचे नियम धाब्यावर बसवून. गोल्फचा ओ का ठो कुणाला येत नव्हता. अदितीच्या नावापुढं उणे तेरा, उणे चौदा असे आकडे यायला लागले तेव्हा शेजारच्या काकू हळहळल्या, "अगं बाई, उण्यात गेली की पोर!" या खेळात उण्यात जायचंच असतं, ज्याचे फटके कमी तो पुढं, हे त्यांना समजावताना काकांनी गृहकर्जाचं उदाहरण दिलं आणि सगळंच आणखी अवघड झालं.

खरी गंमत पावसाची. आदल्या दिवशीच बातमी फिरली होती की वादळानं चौथी फेरी पुरी झालीच नाही, तर तीन फेऱ्यांवर निकाल लागेल आणि अदितीला रौप्यपदक मिळेल. झालं. पंधरवड्यापूर्वीच चिपळूण पाण्याखाली गेलेलं, घराघरांतून मदतीच्या पेट्या निघालेल्या, ‘आता पुरे रे बाबा’ म्हणून आभाळाला हात जोडून झालेले. तीच माणसं आता जपानात ढगफुटी व्हावी म्हणून देवापाशी उदबत्ती लावत होती. आणि शेवटचे दोन-तीन होल उरलेले असताना वादळ खरोखरच आलं. खेळ थांबला. हॉलमध्ये जल्लोष. काकू म्हणाल्या, "मी सांगत नव्हते?" मग जपानचं आभाळ फितूर झालं, ढग पांगले आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तिच्या गटात नेली कोर्डा, म्हणजे त्या वेळची जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू, आणि लिडिया को, रिओची रौप्यविजेती. अदिती जगात दोनशेवी. त्यात थोडेच महिने आधी करोना होऊन गेलेला, अंगातली ताकद उतरलेली. तिचा पहिला फटका कोर्डाच्या कितीतरी मागं पडायचा, म्हणजे दर होलला दुसरा फटका लांबून, अवघड काठीनं मारायचा. आणि तरी हिरवळीवर पोचल्यावर ही मुलगी हिशेब चुकता करायची. पटिंगमध्ये, म्हणजे हिरवळीवरून चेंडू भोकात घालण्यात, तिच्या हाताला तोड नव्हती. अठराव्या होलवर शेवटचा लांब पट उरला. तो पडता तर उणे सोळा होऊन रौप्य आणि ब्राँझच्या प्लेऑफमध्ये ती असती. चेंडू भोकाच्या कडेनं निघून गेला. उणे पंधरा, चौथी. कोर्डाला सोनं, मोने इनामीला रौप्य, कोला ब्राँझ. आमच्या हॉलमध्ये पाच सेकंद शांतता, आणि सहाव्या सेकंदाला काका म्हणाले, "जरा डावीकडं मारायला हवा होता."

संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला सोनं घेऊन आला आणि सकाळचा चौथा नंबर रद्दीत गेला. ते समजण्यासारखं आहे. मला राहून राहून आठवत राहिलं ते काकांचं वाक्य. एक तर आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ पाहिलेला माणूस, त्याला पटची उतरण टीव्हीवरून, तेही चष्मा न लावता, दिसते. दुसरं म्हणजे, नंतर मी जरा खोदून वाचलं तेव्हा कळलं की गोल्फमध्ये सल्ल्याला कायदा आहे. लेखी. कलमासकट.

तो कायदा सांगतो तो असा. फेरी चालू असताना खेळाडूनं आपल्या कॅडीखेरीज, म्हणजे बॅग उचलणाऱ्या सोबत्याखेरीज, कुणालाही सल्ला विचारायचा नाही आणि स्पर्धेतल्या दुसऱ्या खेळाडूला द्यायचाही नाही. दिला किंवा मागितला तर दोन फटक्यांचा दंड. भोक किती लांब आहे, हे विचारलेलं चालतं. नियम काय, हेही चालतं. पण ‘तू आता कुठली काठी वापरलीस?’ एवढं सहज विचारलं तरी दोन फटके. मी हे वाचलं आणि खुर्चीत सरळ होऊन बसलो. मराठी माणसाला क्रिकेट का आवडतं आणि गोल्फ का रुजला नाही, याबद्दल महाग काठ्या आणि जमिनीचे भाव वगैरे कारणं सांगतात. सगळी वरवरची. विनासल्ला चार तास चालायचं, तेही सोबत दोघं-तिघं असताना, ही अटच आपल्याला झेपणारी नाही. आपल्याकडं माणूस पंक्चर काढायला थांबला तर रस्त्यावरून जाणारा चौथा माणूस थांबून जॅक कुठं लावायचा ते सांगतो. परवा मी रिक्षात बसून नाकात औषधाचे थेंब घालत होतो, तर रिक्षावाला आरशातून म्हणाला, "मान अजून मागं घ्या."

आणि म्हणूनच मला या सगळ्यात कॅडी भारी वाटतो. बॅगेत जास्तीत जास्त चौदा काठ्या, ती खांद्यावर वाहून न्यायची, चेंडू पुसून द्यायचा, छत्री धरायची, आणि त्या बदल्यात अख्ख्या मैदानावर सल्ला द्यायचा एकमेव परवाना. रिओला अदितीची बॅग तिच्या वडिलांनी उचलली, टोकियोला आईनं. घरात आईवडिलांचं ऐकायचं की नाही यावर वाद होऊ शकतो. इथं नियमानंच दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नाही. जावईबापूंना मी हे सांगितलं. कोचिंगच्या फीचा आकडा त्यांना तोंडपाठ होता. पण बॅग पुढची पंधरा वर्षं कोण उचलणार, हा प्रश्न त्यांनी भाचीकडं पाहून सोडवल्यासारखा वाटला. भाचीनं वड्यांची ताटली उचलली आणि ती आत गेली.

या कायद्याला २०१९ मध्ये आणखी एक पोटकलम जोडलं गेलं, ते तर दहावीच्या मुलांच्या घरात फ्रेम करून लावायला हवं. खेळाडू फटक्यासाठी पाय रोवायला लागला की कॅडीनं त्याच्या पाठीमागं, चेंडूच्या रेषेत उभं राहायचं नाही. राहिला तर दंड. नेम बरोबर लागलाय की नाही हे मागून बघून सांगायची पूर्वी मुभा होती, ती काढून घेतली. म्हणजे टोकियोत शेवटच्या पटाच्या वेळी आईनंसुद्धा आधी काय ते बोलून बाजूला सरकायचं. आमच्या मजल्यावर गणिताच्या अभ्यासाच्या वेळी किती माउल्या खुर्चीमागं रेषेत उभ्या असतात, याचा मी हिशेब केला. बीजगणिताचा एक तास संपायच्या आत सगळी मुलं अधिक चाळीसवर गेली असती.

काकांचं सल्ल्याचं काम पुढं चालूच राहिलं. २०२३ मध्ये अदितीनं केनियात स्पर्धा जिंकली, तेव्हा ते काही बोलले नाहीत, कारण त्यांना कळलंच नाही. मग हांगझोऊच्या एशियाडमध्ये ती शेवटच्या दिवशी सात फटक्यांच्या आघाडीनं उतरली आणि सत्त्याहत्तर मारून दुसरी आली. गोल्फमध्ये एशियाडचं पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला ती, पण काकांनी जिन्यात मला गाठलं ते आघाडीसाठी. "सात फटके हातात असताना जोखीम घ्यायचीच कशाला? मुदत ठेव म्हणतात याला. मोडायची नसते." त्याच नोव्हेंबरात तिनं स्पेनची स्पर्धा जिंकली. काका त्या वेळी लेकीकडं बडोद्याला होते, म्हणून जगाचं थोडक्यात निभावलं. २०२४ला पॅरिसमध्ये ती तिसरं ऑलिंपिक खेळली, एकोणतिसावी आली. खेळ आपल्याकडच्या दुपारी दिसत होता, उजाडायच्या आत उठायचीसुद्धा गरज नव्हती. पण देश कुस्तीतल्या विनेशच्या जादा भरलेल्या शंभर ग्रॅम वजनात अडकलेला, आमच्या मजल्यावर गोल्फचं कुणी नावही काढलं नाही. एका पहाटेपुरते आम्ही तज्ज्ञ झालो होतो, तेवढं भांडवल आम्हाला पुरलं.

तर वाढदिवसाहून परतलो आणि सोसायटीच्या फाटकातच काका भेटले. मी मुद्दाम त्यांना सल्ल्याचं कलम सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दोन फटक्यांचा दंड खेळाडूला की सांगणाऱ्याला, अशी एक रास्त शंका विचारली, आणि मान हलवली. "नियमच चुकीचा आहे. जाणकार माणसानं चार गोष्टी सांगितल्या तर खेळ सुधारतोच ना?" हे नियम कोण करतं, त्यांनी विचारलं. एक अमेरिकेतली संघटना आणि एक स्कॉटलंडमधली, सेंट अँड्र्यूजची, मी म्हणालो.

काल सकाळी पेपर उचलायला दार उघडलं तर दाराच्या कडीला पाकीट अडकवलेलं. आत सुवाच्य अक्षरात पत्राचा मसुदा, मुद्देनिहाय, शेवटी ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून क्रीडामंत्री. सोबत चिठ्ठी: "इंग्रजी एकदा नजरेखालून घाल. स्कॉटलंडला स्पीडपोस्ट बरं की रजिस्टर?"