विकणे आहे : एक जहाज

घर विकणे आहे, दुभती म्हैस विकणे आहे, सुस्थितीतील शिलाईयंत्र विकणे आहे, अशा जाहिराती आपण सारेच वाचतो. परंतु सव्वातीनशे फूट लांबीची, चौतीस पाहुण्यांची सोय असलेली, महासागर ओलांडून जाणारी विहारनौका विकणे आहे, ही जाहिरात वाचण्याचा प्रसंग विरळाच. 'क्रिस्टीना ओ' या नावाची एक जुनी व प्रख्यात यॉट एकविसाव्या शतकात एकाहून अधिक वेळा अशी बाजारात मांडली गेली. किंमत कोट्यवधी युरोंची. आमच्या वाचकांपैकी कोणी ती खरेदी करील अशी आम्हांस भीती नाही. तथापि या जाहिरातीत जे छापलेले असते, आणि त्याहून अधिक जे छापलेले नसते, त्याचा विचार करण्यास पदरी द्रव्य असावे लागत नाही.

'योगक्षेम' हा शब्द आपण एकच समजून वापरतो. वस्तुतः ते दोन आहेत. जे आपल्यापाशी नाही ते मिळविणे हा योग, आणि मिळालेले राखणे हे क्षेम. भाष्यकारांनी केलेली ही फोड आम्ही अनेक वर्षे वर्गात फळ्यावर लिहीत आलो. मुले योगाची व्याख्या चटकन पाठ करीत, क्षेमाची विसरत. विक्रीच्या जाहिरातीचेही तसेच आहे.

या नौकेचा जन्म विलासासाठी झालेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरात व्यापारी जहाजे बुडवीत होत्या, तेव्हा त्या जहाजांच्या काफिल्यांबरोबर किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत सोबत करतील अशा युद्धनौकांची निकड पडली. त्यांस फ्रिगेट म्हणत. त्यांपैकी 'स्टॉर्मोंट' ही कॅनडाच्या आरमाराची नौका मॉन्ट्रियल येथे बांधली गेली व १९४३ साली पाण्यात उतरली. १९४४ च्या जून महिन्यात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरल्या त्या मोहिमेत ती होती. सोबतीचे काम असल्यामुळे वेगापेक्षा पल्ल्याला महत्त्व. एकदा तेल भरले की या जातीची नौका बेताच्या गतीने सात हजारांच्या आसपास सागरी मैल जाऊ शके. हॅलिफॅक्सहून लिव्हरपूलला जाऊन परत यावे, तरी टाकीत तेल उरावे, एवढा हा पल्ला. आजच्या दलालांच्या भाषेतील 'दूर पल्ल्याची यॉट' हे मोठे विशेषण तिला लाभले ते असे, पाणबुड्यांच्या भयातून.

युद्ध संपले आणि नौका निरुपयोगी ठरली. भंगाराच्या भावात तिची किंमत झाली चौतीस हजार डॉलर. ती घेतली अ‍ॅरिस्टॉटल ओनासिस यांनी. स्मर्ना शहरी जन्मलेला, तेथील ग्रीक वस्तीचा १९२२ साली विध्वंस झाल्यावर देशोधडीस लागलेला हा मनुष्य पुढे तेलवाहू जहाजांचा धनी झाला होता. चौतीस हजारांच्या या सांगाड्यावर त्यांनी जर्मनीतील कील येथे सुमारे चाळीस लाख डॉलर खर्च केले. वाचकांनी हिशेब करून पाहावा. वस्तूच्या मोलाच्या शंभर पटींहून अधिक रक्कम ती राहण्याजोगी करण्यात गेली. १९५४ मध्ये नौका सजून निघाली, आणि मालकांनी तिला आपल्या कन्येचे नाव दिले, 'क्रिस्टीना'.

सजावटीचे वर्णन जाहिरातदार मोठ्या चवीने करतात. आम्हीही थोडे करतो. डेकवरील पोहण्याच्या तलावाच्या तळाशी, क्नोसॉसच्या प्राचीन राजवाड्यातील बैलावरून उडी मारणाऱ्या वीरांच्या चित्रावरून केलेले रंगीत जडावकाम आहे. कळ दाबली की हा तळच वर येतो व त्याची नृत्यभूमी होते. मालकांच्या अभ्यासिकेत शेकोटीला लाजवर्दी दगड. पाहुण्यांच्या खोल्यांना ग्रीक बेटांची नावे. मद्यगृहातील धरावयाच्या मुठी देवमाशांच्या दातांच्या, आणि उंच बैठका त्याच प्राण्याच्या कातड्याने मढविलेल्या. ते कातडे देवमाशाच्या कोणत्या अवयवाचे, हे या पृष्ठावर लिहिणे शिष्टसंमत होणार नाही. मालक मात्र ते पाहुण्या स्त्रियांना आवर्जून सांगत, असे म्हणतात. त्याच काळात ओनासिस यांची जहाजे दक्षिण महासागरात देवमाशांची शिकार करीत हिंडत होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बैठकीवर बसणे आम्हांस तरी रुचले नसते. संपत्ती मिळविणाऱ्यास अभिरुचीही त्याच बाजारात मिळते, असे नाही.

पाहुणे मात्र थोर. १९५६ साली मोनॅकोच्या राजाचा विवाह झाला तेव्हा नौकेवर मेजवानी झडली. वृद्ध चर्चिल येथे वारंवार विश्रांतीस येत. १९६१ मध्ये तर ते याच नौकेतून अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कपर्यंत गेले. १९६८ मध्ये अमेरिकेच्या दिवंगत अध्यक्षांच्या पत्नीशी ओनासिस यांचे लग्न लागले, त्याचाही समारंभ येथेच. जाहिरातीत ही नामावली अग्रभागी असते. थोरांच्या वास्तव्याने लोखंडाचा गंज थांबतो, असे मात्र कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

आणि गंज लागलाच. ओनासिस १९७५ मध्ये वारले. १९७८ मध्ये कन्येने नौका ग्रीस सरकारास देऊन टाकली. सरकारने तिला 'आर्गो' हे पुराणप्रसिद्ध नाव दिले व ती राष्ट्राध्यक्षांच्या सेवेसाठी ठेवली. नाव मिळाले, निगा मिळाली नाही. नौका नांगरावर उभी राहिली आणि सडत गेली. आपल्याकडे जुना वाडा पडतो तो पावसाने नव्हे, शाकारणी चुकल्याने. ज्या घरात चार बिऱ्हाडे असूनही कौले चाळण्याची पाळी कोणाची हे ठरलेले नसते, ते घर आमच्या वाचकांनी पाहिले असेल. येथे तर बिऱ्हाड म्हणजे संपूर्ण राष्ट्र होते. अखेर १९९८ मध्ये ओनासिस कुटुंबाच्या परिचयातील एका ग्रीक जहाजमालकांनी ती विकत घेतली, क्रोएशियातील गोदीत नेऊन २००१ पर्यंत तिचे गंजलेले अंग बदलविले, आणि जुन्या नावापुढे 'ओ' हे अक्षर जोडून ती भाड्याने देण्यास प्रारंभ केला.

आता घेणाऱ्याने काय पाहावे? तलाव व शेकोटी नव्हे. पाहावयाचे ते तळाचे पोलाद. पाच वर्षांनी एकदा जहाज कोरड्या गोदीत चढवून, ध्वनिलहरींच्या यंत्राने पत्र्याची जाडी ठिकठिकाणी मोजावी लागते. ती ठरीव मर्यादेखाली गेली तर पत्रा कापून नवा जोडल्यावाचून प्रमाणपत्र मिळत नाही, आणि प्रमाणपत्रावाचून विमाही नाही. मग एंजिनांचे चाललेले तास, तेलाचा खप, रंग, बंदराचे भाडे. जहाजाच्या किमतीचा सुमारे दहावा हिस्सा दरसाल देखभालीस लागतो, असा या धंद्यातील ठोकताळा आहे. जुन्या नौकेस तो अपुराही पडतो. भाड्याचे उत्पन्न येते ते प्रायः या तोंडात जाते.

सर्वांत मोठी बाब खलाशांची. अशा नौकेवर जितके पाहुणे तितकेच, किंबहुना अधिक, नोकर असतात. पितळ घासणारे, एंजिनाच्या उष्णतेत उभे राहणारे, रात्री पहारा करणारे. जाहिरातीच्या चित्रांत त्यांच्या खोल्या दिसत नाहीत. सागरी कायदा मात्र त्यांस विसरलेला नाही. खलाशाचा थकलेला पगार हा मालकावर नव्हे, जहाजावरच चढलेला बोजा मानला जातो. जमिनीचा बोजा निदान सातबाराच्या उताऱ्यावर दिसतो. हा कोणत्याही दप्तरात न नोंदता जहाजाला चिकटून राहतो, आणि मालक बदलला तरी साधारणपणे सुटत नाही. न्यायालयाने विक्री केली तरच जहाज त्यातून मोकळे होते.

याचे उदाहरण भारताशी संबंध असलेलेच आहे. मद्याच्या धंद्यातील एका भारतीय धनिकाशी संबंधित असलेली 'इंडियन एम्प्रेस' ही, 'क्रिस्टीना'पेक्षा थोडीच आखूड यॉट, खलाशांचे पगार थकल्यामुळे २०१८ च्या मार्च महिन्यात माल्टा येथे अडकवून ठेवण्यात आली. न्यायालयाच्या आज्ञेने ती लिलावात निघाली. पहिल्या वेळी सर्वांत मोठी बोली बोलणाऱ्याने पैसेच भरले नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात साडेतीन कोटी युरोंस ती दुसऱ्याकडे गेली. आणि त्या रकमेवर ज्यांचा हक्क आधी सांगितला गेला, त्यांत भांडी विसळणाऱ्याचाही होता.