ट्रॉलीच्या मागे दिवा हवा, तोही कंपनी फिटिंगसारखा

कापसाचा हंगाम सुरू झाला की वणी, हिंगणघाट, सेलू, मानवतच्या वाटेवर ट्रॉल्या धावू लागतात. वेचलेला माल भरून, ताडपत्री बांधून निघेपर्यंत संध्याकाळ होते. रांगेत लवकर नंबर लागावा म्हणून कोणी पहाटेच्या अंधारात निघतो. माप होऊन रिकामी ट्रॉली परत आणताना पुन्हा रात्र झालेली असते. यातल्या किती ट्रॉल्यांच्या मागे पेटणारा लाल दिवा असतो? आपापल्या गावच्या ट्रॉल्या डोळ्यांसमोर आणा, उत्तर मिळेल.

दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षेची मोहीम निघते. अधिकारी ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर चिकटवतात, फोटो निघतो, मोहीम संपते. रिफ्लेक्टर लावायलाच हवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये त्याची सक्ती आहे. पण रिफ्लेक्टर स्वतः पेटत नाही. मागच्या गाडीचा उजेड पडला तरच तो चमकतो, आणि काळ्या मातीचा चिखल बसला की तेही नाही. ट्रॅक्टर थांबतो आहे की शेताच्या वाटेला वळतो आहे, हे तर त्याला सांगताच येत नाही.

साधा हिशेब करा. भरलेली ट्रॉली ताशी २० किलोमीटरने चालली आहे आणि मागून ट्रक ८० च्या वेगाने येतो आहे. फरक ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. खाली पाडलेल्या हेडलाइटमध्ये ट्रॉली ५० मीटरवर दिसली, तर ट्रकवाल्याच्या हातात तीन सेकंद उरतात. समोरून दुसऱ्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर आला तर तेवढेही नाहीत. लाल दिवा पेटत असेल तर तो दुरून दिसतो. मागून येऊन आदळणारा दर वेळी परका ट्रकवालाच असतो असेही नाही. अनेकदा तो मोटरसायकलवरचा आपल्याच शिवारातला पोरगा असतो.

अपघात झाला की प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाते. तेथे ट्रॉलीच्या मागे दिवा होता की नव्हता, हा प्रश्न निघतोच. नव्हता असे ठरले तर ट्रॅक्टरमालकाचा निष्काळजीपणा धरला जातो. ट्रॉलीचा विमा वेगळा उतरवलेला नसेल, तर भरपाईसाठी वावर विकायची पाळी येऊ शकते.

शहरातले शहाणे म्हणतात, शेतकऱ्याला शिस्त नाही. हे खोटे आहे. ज्याच्या घामाला दाम मिळत नाही, तो जी वस्तू नसली तरी काम अडत नाही, तिच्यावरचा खर्च आधी कापतो. ट्रॉली घेताना भाव पाडायचा म्हणून वायरिंग गाळले जाते, आणि विकणाराही तशीच ट्रॉली हातात देतो. पण या दिव्यासाठी सरकारकडे अनुदान मागायला मी सांगणार नाही. एका क्विंटल कापसाच्या पैशात सामान आणि मजुरी दोन्ही भागतात. हा मालवाहतुकीचा खर्च आहे. तो हिशेबाच्या वहीत धरा, भाव मागताना मोजा, आणि करा.

करायचा तर नीट करा. आज बऱ्याच ठिकाणी काय दिसते? मडगार्डवरच्या दिव्याची तार सोलून, तिला दुसरी पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळलेली. तार लोंबत ट्रॉलीपर्यंत गेलेली. अर्थ म्हणून ड्रॉबारच्या पिनवर भरवसा. पिनला गंज आणि ग्रीस लागले की दिवा मिणमिणतो, आणि पहिल्याच वळणावर तार ताणून तुटते. मग शेतकरी म्हणतो, दिवा टिकतच नाही. दिवा टिकतो, जुगाड टिकत नाही.

कंपनी फिटिंगसारखे करायचे म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे सात पिनांचे सॉकेट पक्के बसवायचे. पिनांचा क्रम ठरलेला आहे. १ डावा इंडिकेटर, पिवळी तार. २ मागच्या धुक्याच्या दिव्याची, निळी. ३ अर्थ, पांढरी. ४ उजवा इंडिकेटर, हिरवी. ५ उजवा मागचा दिवा, तपकिरी. ६ ब्रेकचा दिवा, लाल. ७ डावा मागचा दिवा, काळी. येथे काळी तार अर्थची नाही, हे वायरमनला बजावून सांगा. हा क्रम पाळण्याचे कारण मोठे आहे. आपल्याकडे ट्रॉली एकाची, ट्रॅक्टर दुसऱ्याचा असतो. ज्याने त्याने मनाच्या क्रमाने तारा जोडल्या, तर उसन्या ट्रॉलीचा ब्रेक दाबताच इंडिकेटर लागेल.

ट्रॉलीपर्यंत स्वतंत्र अर्थ तार न्या, आणि ती इतरांपेक्षा जाड घ्या. टोकांना थिंबल दाबून बसवा. तारा काळ्या लवचिक नळीतून, सायलेन्सर, पीटीओ आणि लिफ्टच्या दांड्यांपासून दूर न्या. वळताना ताणणार नाही इतकी ढील ठेवा. डंपिंग ट्रॉली असेल तर तारा व दिवे चेसिसवर घ्या, आणि फाळका उघडताना त्यांवर आपटणार नाही हे पाहा. मागचे दोन दिवे, ब्रेक आणि एक इंडिकेटर एकदम पेटले, तरी १२ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण ६ अँपिअरचा भार येतो. वाढलेले बल्ब सोसणारा फ्लॅशर घाला. फ्यूज उडाला तर त्यावर तार गुंडाळू नका, बिघाड शोधा. जुन्या ट्रॅक्टरला ब्रेकच्या दिव्याचा स्विच नसेल किंवा तुटला असेल, तर तो आधी बसवा. आणि भरल्यावर ताडपत्रीचे टोक दिव्यावर येऊ देऊ नका.

माझी सूचना एवढीच आहे. पुढच्या हंगामाआधी प्रत्येक गावाने एक दिवस ठरवावा. एकच वायरमन बोलवावा आणि गावातल्या साऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या एकाच क्रमाने जोडून घ्याव्यात. सामान एकत्र आणले तर स्वस्तही पडेल.

सुरुवात आपल्या मेळाव्यापासून व्हावी. माणसे ट्रॉलीत बसवून नेणे कायद्यात बसत नाही, शहाणपणातही बसत नाही. तरी मेळाव्याला माणसे ट्रॉलीत बसून येतात आणि रात्री तशीच परततात, हे आपण सगळे जाणतो. ते बंद व्हायला हवे. मालाची असो, माणसांची असो, मागचा दिवा पेटत नाही ती ट्रॉली अंधार पडल्यावर मैदानातून रस्त्यावर येऊ द्यायची नाही, एवढी जबाबदारी तरी तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी आजच घ्यावी.