मेंदूचा पेपर वेगळा, रुग्णाचा वेगळा



आरोग्यसेवेशी निगडित विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायचे नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरवलं आणि २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्रही त्यात आलं. निर्णय योग्यच आहे. पण विद्यार्थी वर्गात येऊन बसले म्हणजे काम झालं, असं कोणी समजू नये.

अनेक ठिकाणी जैविक मानसशास्त्र आणि चिकित्सालयीन मानसशास्त्र, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘बायो’ आणि ‘क्लिनिकल’, हे दोन सुटे पेपर असतात. एकात चेतापेशी आणि डोपामाइन, दुसऱ्यात निदानाचे निकष आणि उपचारपद्धती. शिकवणारे वेगळे, नोट्स वेगळ्या. या दोन्हींची एकमेकांशी गाठ पडते ती थेट रुग्ण समोर बसल्यावर, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

थकवा, उदासी, वाढलेलं वजन, कशातच रस नाही. हे नैराश्य असू शकतं. पण थायरॉइड ग्रंथीचं काम मंदावलं तरी चित्र असंच दिसतं. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलं तर विसराळूपणा, चिडचिड, नैराश्य आणि क्वचित भ्रमही होतात. हा दोष आपल्याकडे दुर्मिळ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांमध्ये ब-१२ कमी आढळलं होतं. मग महाराष्ट्रातल्या वर्गात नैराश्याच्या पहिल्याच तासाला ही गोष्ट का सांगितली जाऊ नये? रक्त तपासायला डॉक्टरच सांगतील, हे खरं. पण रुग्णाला त्यांच्याकडे पाठवायला हवं, हे समुपदेशकाला सुचलं तर पाहिजे!

दुसरं टोकही तितकंच घातक. ‘सेरोटोनिन कमी झालं की नैराश्य येतं’ हे वाक्य पाठ करून मुलं मार्क मिळवतात. जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली उपलब्ध संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा या समजुतीला सातत्यपूर्ण पुरावा मिळाला नाही. त्या आढाव्यावर अनेक मनोविकारतज्ज्ञांनी आक्षेप घेतले. शिवाय औषधं उपयोगी पडतात का, हा प्रश्न वेगळाच. हा सगळा वाद वर्गात यायला हवा. पदवीच्या मुलांना तो झेपणार नाही, असं मानणं त्यांच्यावर अन्याय आहे.

फिनीअस गेजचंही तेच. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यात, रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना, या तरुण मुकादमाच्या डोक्यातून साडेतीन फुटांहून लांब पहार आरपार गेली. तो वाचला, पण स्वभाव पार पालटला. पाठ्यपुस्तकातली गोष्ट बहुतेकदा इथेच थांबते आणि कपाळामागच्या मेंदूचं कार्य ‘सिद्ध’ होतं. पुढे हाच गेज चिलीमध्ये कित्येक वर्षं प्रवासी घोडागाडी हाकत होता. घोडे सांभाळायचे, अनोळखी मुलखातली वाट आणि वेळ पाळायची, उतारूंशी बोलायचं, हे त्याला जमलं. १८६० साली तो वारला. माल्कम मॅकमिलन यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळून मांडलं की गेज बऱ्याच अंशी सावरला असावा, आणि आखीव दिनक्रमाची त्याला मदत झाली असावी. उद्या अपघातातल्या किंवा पक्षाघाताच्या रुग्णांच्या पुनर्वसनात काम करणाऱ्या मुलीला गेजच्या आयुष्याचा हा उत्तरार्धच जास्त लागणार आहे. नेमका तोच तिला शिकवला जात नाही.

मार्ग अवघड नाहीत. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाची एक भेट अभ्यासक्रमात बसवता येते. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या मेंदू संग्रहालयात तर सर्वसामान्य लोकांनाही खऱ्या मानवी मेंदूला स्पर्श करता येतो.

सुरुवात मात्र प्रश्नपत्रिकेपासून व्हावी, कारण मुलं तिच्याकडे बघूनच अभ्यास करतात. ‘थायरॉइड ग्रंथी : टीप लिहा’ हा प्रश्न काढून टाकावा. त्याऐवजी पंचेचाळीस वर्षांच्या, सहा महिने उदास आणि थकलेल्या एका बाईंची हकिगत अर्ध्या पानात द्यावी आणि विचारावं : त्यांना पहिल्या भेटीत काय काय विचाराल, डॉक्टरांकडे कशासाठी पाठवाल, आणि रिपोर्ट हाती येईपर्यंत त्यांच्याशी काय बोलाल?

– एक वाचक, पुणे