महाल, महापौर आणि मतदार

मार्च 2020 मध्ये ज्योतिरादित्य शिंदे काँग्रेसमधून बाहेर पडले, 22 आमदारांनी राजीनामे दिले आणि भोपाळमधील कमलनाथ सरकार कोसळले. गोव्यातील काँग्रेसचे दहा आमदार 2019 मध्ये आणि आठ आमदार 2022 मध्ये भाजपमध्ये गेले, ते दोन-तृतीयांश संख्याबळावर ‘विलीनीकरण’ म्हणून. लगेच मतदारांपुढे जाण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. मध्य प्रदेशात राजीनाम्यांमुळे पोटनिवडणूक अटळ ठरली. फरक पडला तो येथे.

नोव्हेंबर 2020 मधील 28 जागांपैकी 19 भाजपला मिळाल्या खऱ्या. पण शिंदे घराण्याच्या ग्वाल्हेरमध्येच, ग्वाल्हेर पूर्व मतदारसंघात, त्यांचा समर्थक पडला. विजयी झालेले काँग्रेसचे सतीश सिकरवार मूळचे भाजपचे. कुंपणावरून उड्या दोन्ही बाजूंनी पडत होत्या. 2022 मध्ये त्यांच्या पत्नी शोभा सिकरवार थेट निवडणुकीत महापौर झाल्या. काँग्रेसला हे पद 57 वर्षांनी मिळाले. घराण्याच्या वर्चस्वाला शह मिळाला, तोही दुसऱ्या घरातूनच!

महापालिकेत मात्र बहुमत भाजपचे आणि सभापतीही त्यांचाच. महालाच्या शब्दावर आमदार हलले, प्रभागातील मतदार हलला नाही. आणि त्याने निवडलेल्या महापौरांना अर्थसंकल्प संमत करून घ्यायचा, तर विरोधी बाकांशीच बोलणी करावी लागतात.