उंटावरून शेळ्या

गेल्या पौषात आमच्या धाकट्या नातीने हट्ट धरला, की वाळवंटात तंबूत एक रात्र काढावयाची आणि उंटावर बसावयाचे. नऊ वर्षांच्या मुलीचा हट्ट. तिच्या आईवडिलांनी तो पुरविला, आणि एकट्या म्हाताऱ्याला घरी कसे ठेवावे या विचाराने मलाही बरोबर घेतले. धारहून इंदूर, इंदूरहून आगगाडीने जोधपूर, पुढे मोटारीने जैसलमेर आणि तेथून पश्चिमेस चाळीस-बेचाळीस किलोमीटरवर सम या गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या, असा आमचा प्रवास झाला.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असा हट्ट आज ना उद्या होणारच, म्हणून उंटावर बसण्याविषयी दोन शब्द आधीच सांगून ठेवतो. उंट उठतो तेव्हा त्याचा मागचा भाग प्रथम वर येतो आणि बसणारा त्याच्या मानेवरून पुढे घरंगळणार असे वाटते. त्या क्षणी पलाणाचा दांडा घट्ट धरून मागे रेलावे. खाली बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो. तेव्हाही मागेच रेलावे. चालताना तो एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलतो, मग दुसऱ्या बाजूचे. त्यामुळे अंग होडीत बसल्याप्रमाणे डुलते. या डुलण्याशी भांडू नये. कंबर सैल सोडावी. मी भांडलो, आणि त्याचे प्रायश्चित्त पुढे चार दिवस पाठीला शेक देऊन घेतले.

सूर्यास्ताच्या वेळी वाळूवरून फेरफटका झाला. आमचे चिरंजीव एका उंचच उंच उंटावर बसून दूरध्वनीवरून इंदूरच्या आपल्या कचेरीतील माणसांना कसल्याशा कामाच्या सूचना देत होते. मी सूनबाईंना म्हटले, "हे पाहा, उंटावरून शेळ्या हाकणे चालले आहे." नातीने ते ऐकले, चहूकडे नजर फिरविली आणि विचारले, "आजोबा, शेळ्या कुठे आहेत? आणि इतक्या उंचावरून त्या हाकता तरी कशा येतील?"

प्रश्न अगदी रास्त होता. आपण मराठी माणसे ही म्हण पिढ्यान्‌पिढ्या वापरतो. उंट आपल्याला अपरिचित होता असेही नाही. शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांत उष्टरखाना होता, आणि पेशवाईतील सांडणीस्वार तर शाळेच्या पुस्तकातून प्रत्येकाला भेटलेला आहे. परंतु ज्यांच्याजवळ उंटही आहेत आणि शेळ्यामेंढ्याही, ती माणसे हाकतात कशी, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. मी पाहिले आहे. रात्री जेवणे झाल्यावर, तंबूंच्या मधल्या अंगणात ढोल आणि कर्णा यांचा गजर चालू असताना, पांघरुणात शिरून मी नातीला ती हकीकत सांगितली.

१९५९ सालचा जानेवारी महिना. आमचे नाना महसूल खात्यात होते आणि त्यांची नेमणूक बाग येथे होती. बाग आज धार जिल्ह्यात मोडते. १९४८ पर्यंत तो मुलूख ग्वाल्हेर संस्थानात, म्हणजे शिंद्यांच्या अमलात होता. बाघिनी नदीकाठची तेथील बौद्ध लेणी गावापासून सात-आठ किलोमीटरांवर आहेत. एका रविवारी छकड्यातून आम्ही सारे ती पाहावयास गेलो. ग्वाल्हेर संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे मोरेश्वर बळवंत गर्दे यांच्याविषयी नानांना मोठा अभिमान. १९२१ साली नंदलाल बोस, असितकुमार हलदार प्रभृती चित्रकारांनी येथे येऊन भित्तिचित्रांच्या नकला कशा केल्या, हे त्यांनी आम्हांस रंगवून सांगितले. रंगमहालाच्या भिंतीवरील मिरवणुकीत आम्ही पोरांनी हत्ती शोधले, घोडे शोधले. उंट काही आम्हांला सापडला नाही. (ही चित्रे पुढे जतनासाठी भिंतीवरून सोडवून घ्यावी लागली, मूळ जागी ती पाहण्याचे भाग्य आमच्या पिढीला लाभले.)

परतताना दिवस कलला आणि छकड्याचा आख मोडला. गाडीवान बैल सोडून गावाकडे गेला. तो सकाळपूर्वी परतणे शक्य नव्हते. आईच्या मांडीवर दोन वर्षांची बहीण, तिला सर्दीताप. झाडीत बिबट्याचे भय. इतक्यात नदीच्या वळणापलीकडून घंटांचा आवाज आला.

तो मारवाडातील राईका मंडळींचा डेरा होता. पाली, जालोर या भागांतील हे धनगर. मारवाडात गवत संपले, की कळप घेऊन माळव्यात आणि पुढे निमाडाकडे उतरावयाचे व पावसाच्या सुमारास परतावयाचे, असा त्यांचा पिढीजात क्रम. अनेक घरांचे कळप मिळून एक मोठा डेरा होतो आणि त्याचा म्होरक्या असतो त्याला ते पटेल म्हणतात. एका शेतकऱ्याने आपल्या पडीक रानात कळप बसविण्यासाठी त्यांना बोलाविले होते. रात्रभर मेंढ्या बसल्या, की लेंड्यामुताचे उत्तम खत आयते मिळते. त्याबद्दल शेतकरी धान्य देत असे. आपल्या देशावरचे धनगर हेच करतात, तेव्हा नानांना त्यात नवल वाटले नाही. आम्हां मुलांना नवल वाटले ते उंटांचे.

पंधरा-वीस उंट होते. प्रत्येकाच्या पाठीवर उलटी बांधलेली खाट, खाटेत गोधड्या, हंडे, पिठाच्या गोण्या, आणि या सामानात वाटेत जन्मलेली कोकरे माना बाहेर काढून बसलेली. उंटांच्या वेसणदोऱ्या बायकांच्या हाती. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या ल्यालेल्या त्या बायका पायी चालत होत्या. तांबड्या पागोट्यांचे पुरुष शेळ्यामेंढ्यांबरोबर वेगळ्या वाटेने चरत चरत आले, तेही पायीच. पाठीवर बसलेले मोठे माणूस असे एकही नव्हते. एक म्हातारी आणि दोन तान्ही मुले एवढीच काय ती स्वार. उंट हा त्यांचा वाहता संसार होता. त्याच्यावर बसून शेळ्या हाकण्याची चैन म्हणीतच शक्य आहे.

पटेलाने काही न विचारता आम्हांला जागा दिली. मेंढ्या मध्यभागी, भोवती माणसे, बाहेरच्या अंगाला उंट आणि कुत्री, अशी त्यांची रचना. वारा नदीकडून येत होता. एका बाईने दोन सांडण्या शेजारी शेजारी बसविल्या, त्यांच्या पुढच्या पायांना दोरी घातली आणि मधल्या जागेत गोधडी अंथरून आईला तेथे निजावयास सांगितले. बाळाला बकरीचे दूध गरम करून दिले. आमची आई सोवळ्याओवळ्याची, क्षणभर अडखळली. मग तिने वाटी घेतली. त्या दोन ऊबदार, रवंथ करणाऱ्या भिंतींच्या मध्ये बहिणीचा ताप पहाटे उतरला. मी मात्र शेकोटीजवळ जागा होतो. तिकांडे माथ्यावर येऊन पश्चिमेला कलेपर्यंत पटेल बोलत होता. पार्वतीने मातीचा एक चमत्कारिक प्राणी घडविला, शंकराने तिच्या आग्रहावरून त्यात प्राण फुंकले, आणि तो आवरेना तेव्हा त्याच्या राखणीसाठी पहिला राईका निर्माण केला, ही गोष्ट मी प्रथम तेथे ऐकली.

सकाळी नानांनी दोन रुपये पुढे केले. पटेलाने ते घेतले नाहीत. दूध विकणे त्यांच्यात त्या काळी कमीपणाचे मानीत. त्याऐवजी त्याने एक मागणे केले. पुढच्या एका गावी झाडाचा पाला ओरबाडला म्हणून त्याचे दोन उंट कोंडवाड्यात घातले होते. ही भली माणसे आहेत, यांना अडवू नये, अशा दोन ओळी साहेबांनी लिहून द्याव्यात. नाना म्हणाले, "ही माझ्या अधिकारातली गोष्ट नव्हे." ते खरेच होते. पटेलाने मान हलविली आणि उलट आम्हां दोघा भावांना गाडीरस्त्यापर्यंत सांडणीवर बसवून पोहोचविले.

माझे पहिले उंटावर बसणे ते. नाना मागून पायी येत होते आणि वाटभर कोणाशी बोलले नाहीत. पुढे पंचवीस वर्षांनी, निवृत्त होऊन धारला राहात असताना, एका संध्याकाळी काही संबंध नसता ते म्हणाले, "सरकारी नव्हे, खासगी म्हणून लिहून देता आली असती चिठ्ठी." कोणती चिठ्ठी, हे मला विचारावे लागले नाही.

नात निम्म्यावरच झोपली असेल असे मला वाटले होते. परंतु पहाटे ती मला ओढीत उंटांच्या तळावर घेऊन गेली आणि तिने उंटवाल्याला पहिला प्रश्न केला तो, "तुझ्याकडे शेळ्या आहेत का?" पोरगा विशीचा होता. शेळ्या घरी होत्या. उंट मात्र त्याचा नव्हता. तो मालकाचा, आणि हा रोजाने फेऱ्या मारणारा. त्याच्या वडिलांजवळ एके काळी अकरा उंट होते. चैत्रापासून भाद्रपदापर्यंत पाहुणे येत नाहीत, तेव्हा हे उंट खातात काय, असे मी विचारले. "तेच तर," एवढेच तो म्हणाला.

घरी आल्यावर मी या विषयाचा थोडा पिच्छा पुरविला. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे चार लाख उंट होते. २०१९ च्या गणनेत अडीच लाख. एकट्या राजस्थानात सव्वातीन लाखांवरून ते दोन लाख तेरा हजारांच्या आसपास आले. माल वाहण्यास मोटारी आल्या, कालव्याच्या पाण्याने चराऊ रानांची शेते झाली, जंगलांत मज्जाव झाला. २०१४ साली राजस्थानाने उंटाला राज्यपशूचा मान दिला आणि २०१५ साली त्याच्या कत्तलीस बंदी करणारा कायदा केला. त्याच कायद्याने उंट राज्याबाहेर नेण्यास सरकारी परवाना आवश्यक ठरविला. हेतू निःसंशय चांगला. पण नर उंटाला बाहेरचे गिऱ्हाईक उरले नाही, किंमत पडली, आणि ज्याच्या विक्रीवर घर चालावयाचे तोच पोसणे जड झाले. संरक्षण मिळाले ते उंटाला. उंट पाळणाऱ्याचा विचार मागाहून करू, असे झाले. कच्छमध्ये २०१९ पासून अमूलने उंटिणीचे दूध बाजारात आणले आहे. दूध न विकणाऱ्या जमातीवर दूध विकण्याची वेळ आली म्हणून कोणी हळहळेल. मला ते सांडणी खाटकाला किंवा रस्त्याला सोडण्यापेक्षा शतपटीने बरे वाटते.

म्हणून, समला जाऊ नका असे मी मुळीच म्हणणार नाही. अवश्य जा, कार्तिक ते माघ या काळात जा, आणि लोकरीचे कपडे भरपूर न्या. वाळू दिवसा तापते तशीच रात्री झपाट्याने निवते. गर्दी नको असेल तर जैसलमेरच्या नैर्ऋत्येस खुडी म्हणून गाव आहे, तेथे थोडी शांतता मिळते. अर्ध्या तासाच्या फेरीपेक्षा एखादा पूर्ण दिवस उंटवाल्याला ठरवा, आणि निम्मी वाट त्याच्याबरोबर पायी चाला. पाठीलाही ते मानवते. पैसे शक्यतो त्याच्या हातात द्या.

फाल्गुनात नातीला बागची लेणी दाखवावयास घेऊन गेलो. येताना टांड्याच्या रस्त्यावर, विश्वास बसू नये असे, समोरून मेंढ्यांचा कळप आला. तांबडी पागोटी तीच. उंट मात्र दोनच होते; बाकी संसार मागून येणाऱ्या एका लहान मालमोटारीत भरलेला. चिरंजीवांनी गाडी बाजूला घेतली. "मी बसू?" असे नातीने सांडणीबरोबर चालणाऱ्या बाईला विचारले. बाई हसली आणि पाठीवरच्या खाटेकडे बोट दाखविले. खाटेत तीन कोकरे होती. मग तिने दोरीचे टोक नातीच्या हातात दिले, आणि आमची कन्यका त्या धुळीतून ताठ मानेने सांडणीपुढे चालू लागली.

तेवढ्यात एका तरुणाने मला गाठले. चष्मा आणि पांढरे केस पाहून माझा काही समज झाला असावा. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद काढून त्याने तो वाचून दाखविण्याची विनंती केली. परवाना होता, इंग्रजीत. उंट दोन, त्यांची वर्णने, आणि परत येण्याची तारीख. तारखेला अकरा दिवस राहिले होते. मी ते सांगितले. तो बोटांवर मुक्काम मोजू लागला. मग मी त्याच्याच विनंतीवरून त्या पिशवीवर, वाटेत कोणी विचारले तर त्याला स्वतःला सांगता यावे म्हणून, ती तारीख देवनागरीत ठळक लिहून दिली, आणि न विचारता खाली आणखी दोन ओळी लिहून माझे नाव, गाव आणि सही केली.