‘ऊर्फ’ या शब्दाचा अर्थ

कोर्टाच्या कागदावर आरोपीच्या नावापुढे ‘ऊर्फ’ दिसले, की यवतमाळच्या पेठेतील सभ्य गृहस्थ मान हलवितात. दोन नावे बाळगणारा मनुष्य सरळ असावयाचा नाही, असा त्यांचा ग्रह! हा ग्रह एकवार तपासून पाहणे अवश्य आहे.

चोर नाव बदलतो त्याचे कारण उघड आहे. पूर्वीची शिक्षा सिद्ध झाल्यास नवी वाढू शकते. सबब तो जुने नाव टाकून देतो. परंतु १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली, तेव्हापासून ही युक्ती पोलिसांपुढे टिकेनाशी झाली. आज खोटे नाव खपते ते आमच्या व्यापारी बंधूंच्या उधारीच्या वहीत. अशा तोतयास भारतीय न्याय संहितेच्या ३१९ व्या कलमान्वये पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, व ते योग्यच आहे. मात्र ही शिक्षा फसवणुकीची आहे, निराळे नाव घेतल्याची नव्हे. ‘गोविंदाग्रज’ या नावाने कविता लिहिणारे गडकरी कोणास फसवीत नव्हते. क्रांतिकारकांत ‘रघुनाथ’ म्हणून वावरणारे राजगुरू सरकारास चुकवीत होते खरे, पण स्वार्थासाठी नव्हे.

याउलट, जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या जंगल सत्याग्रहात उघडपणे, स्वनामाने कायदा मोडला. ते धैर्य वंद्यच होय. परंतु आपले नाव उघड सांगता येण्यास त्या नावास समाजात काही पत असावी लागते. ती फासेपारध्याने कोठून आणावी? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने व त्याच्या पुढील आवृत्त्यांनी कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तथापि चोरी झाली की पहिला संशय अद्यापि पारधी बेड्यावरच जातो.

त्या बेड्यावरचा तरुण शहरात खोली पाहावयास येतो, तेव्हा आम्ही भाड्याची गोष्ट नंतर काढतो, आडनाव आधी विचारतो. खरे सांगितले तर खोली नाही; दुसरे सांगितले व पुढे उघडकीस आले, तर तो लबाड! यात त्याने कोणाचे किती रुपये बुडविले, हे आम्हांस कोणी दाखवून द्यावे. घरमालकांनी ओळखपत्र पाहावे, आगाऊ भाडे घ्यावे, पूर्वीच्या धन्याकडे चौकशी करावी. त्यास आमची हरकत नाही. आडनाव ऐकताच दार लावणे, ही मात्र चौकशी नव्हे.